कर्करोग आणि पेशींचे मरण

'पेशींची बेसुमार वाढ म्हणजे कर्करोग' असे आपल्या रविवारच्या पुरवणीतील आरोग्यविषयक लेखात म्हटले आहे. ते चूक नसले तरी अर्धेच आहे. निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी जनुकांतील आदेशानुसार स्वतःला संपवतात आणि आसपासच्या पेशी त्यांचे अवशेष गिळून टाकत असल्याने तेथे सहसा दाहही होत नाही. केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या प्रक्रियेला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात अतिसक्रिय असणारे बीसीएल-२ हे जनुक पेशींचे विभाजन वाढवत नाही, तर त्यांना मरू देत नाही, असे १९८८ मध्ये दिसून आले. त्याच्या प्रथिनाला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली.

केमोथेरपी पेशी जाळते, असा समज आमच्या खानदेशात सर्रास ऐकू येतो. प्रत्यक्षात तिच्यातील अनेक औषधे पेशीच्या डीएनएला इजा करतात आणि त्यानंतर पेशी बहुधा स्वतःच मरणाचा मार्ग धरते. त्या इजेला प्रतिसाद देऊन पेशीला या मरणाकडे नेणारे पी५३ जनुक सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले असते. एकाच औषधाचा गुण दोन रुग्णांना सारखा न येण्यामागे हेही एक कारण आहे. जळगाव-धुळ्याहून उपचारासाठी मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांना एवढे कळले, तरी गुण न आल्याचा दोष ती रुग्णाच्या पथ्यावर टाकणार नाहीत. पुढील लेखात या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)