टुबा म्हणजे गंमत नव्हे

मा. संपादक,

रॉक बँडमध्ये बास गिटारऐवजी टुबा (फुंकून वाजवायचं, खर्ज सुरांचं मोठं पितळी वाद्य) वाजवणाऱ्यांना आपण आपल्या लेखात 'गमतीजमती'त ढकललंत. पोलीस बँडमध्ये टुबा फुंकत निवृत्त झालो, म्हणून लिहितो. फेंडर या अमेरिकन कंपनीची बास गिटार आली १९५१ साली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून खर्ज टुबा सांभाळत होता. तिथल्याच ऑस्टिन शहरातल्या 'ड्रम्स अँड टुबा' या मंडळींनी तर गिटार, ड्रम आणि टुबा एवढ्यावरच बँड उभा केला.

खरी अडचण दमाची. बी-फ्लॅट सुरातल्या टुबाची नळी सुमारे १८ फूट. खालच्या सुरांत छाती बघता बघता रिकामी होते. गिटारवाला बोटं चालवत राहतो, आम्हाला मात्र श्वासापुरती जागा ठेक्यातूनच चोरावी लागते. नळीत साचलेलं पाणी काढायचं तेही दोन गाण्यांमधल्या टाळ्यांत! आणि माइक कुठे लावायचा, हे साउंडवाल्याला दरवेळी आम्हीच सांगायचं.

– एक निवृत्त बँडवाला, नाशिक