बाकांचा नकाशा

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरही पाठवता आलं असतं. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चार लोकांनी वाचावं, विशेषतः पीएच.डी. करता करता वर्गावर जाणाऱ्या मुलामुलींनी वाचावं, म्हणून जाहीर लिहितो आहे. तुमचं नाव घालत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गेल्या मंगळवारी एसवायबीएच्या माझ्या इतिहासाच्या तासाला मी फळ्याशी नव्हतो, मागच्या बाकावर बसलो होतो. पुढे नवापूरकडची एक संशोधक विद्यार्थिनी तिच्या आयुष्यातला पहिला तास घेत होती. मी मांडीवर कोरा कागद ठेवला, बाकांच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत तिथे बसलेल्या पोराचं गाव लिहायला लागलो. तिसऱ्या रांगेत पेन थांबलं. हा कागद मी तुमच्याकडून घेतलाय आणि त्याबद्दल तुम्हाला कधी साधं 'आभारी आहे' म्हटलेलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. पहिल्या दिवशी मला हजेरीपट, खडू आणि वर्गाचा नंबर मिळाला. वेळापत्रकाच्या चौकटीत इतरांची नावं होती आणि माझ्या चौकटीत 'सीएचबी' (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्व) लिहिलं होतं. वर्षभर मी त्या तीन अक्षरांच्या नावाने शिकवलं. शिकवलं म्हणजे मला माझ्या सरांनी जसं सांगितलं होतं तसं सांगितलं, पोरांनी उतरवून घेतलं. कुणी मला विचारलं नाही की वर्गात काय होतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

तुमच्या विभागात आलो तेव्हा वेळापत्रकावर माझं पूर्ण नाव होतं, तुमच्या हस्ताक्षरात. पगार तुमच्या हातात नव्हता, तो तिथेही चार-चार महिने लांबायचाच. पण नाव लिहिणं तुमच्या हातात होतं आणि ते तुम्ही लिहिलंत. त्या दिवशी मी घरी बापाला फोन करून सांगितलं. त्याला वेळापत्रक म्हणजे काय ते नीटसं कळलं नाही, पण नाव लागलं एवढं कळलं.

पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायचं तर डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., लागतं. हायस्कूलला बी.एड. लागतं, गावोगावच्या शाळांत सराव पाठ द्यावे लागतात, निरीक्षण वही भरावी लागते. कॉलेजात शिकवायला असं काही लागत नाही. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण चार पर्यायांतून एक निवडला की झालं. साठ-सत्तर पोरांसमोर उभं राहून दाखवा, असं ती परीक्षा म्हणत नाही. पुढचे उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग नेमणूक झाल्यावरचे. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, त्या संशोधक विद्यार्थ्याला आणि तासिकेवरच्या शिक्षकाला कुणी हाताशी धरून शिकवत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आता लिहिलंय की विषय कोणताही असो, प्रत्येक संशोधकाने अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं, आणि ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापनाचं काम आठवड्याला ४ ते ६ तास त्याला देता येईल. तुम्ही हे सगळं त्याच्या कितीतरी वर्षं आधी, कुठल्याही परिपत्रकाशिवाय केलंत.

पहिला महिनाभर तुम्ही मला शिकवूच दिलं नाहीत. माझे तास तुम्ही घेतलेत आणि मला मागे बसवलंत. मला ते मनातून लागलं होतं, आज सांगतो. वाटलं, माझ्यावर विश्वास नाही. मग एके दिवशी म्हणालात, "उद्या तैनाती फौज तुम्ही घ्या." म्हणजे कंपनीची फौज आपल्या खर्चाने पोसायची आणि कंपनीचं मांडलिक व्हायचं, हा इंग्रजांनी इथल्या राजांशी केलेला करार. मी रात्रभर टिपणं काढली. ४५ मिनिटं न थांबता बोललो. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता होती. मी खूश होऊन स्टाफरूममध्ये आलो, आणि तुम्ही चहाचा कप सरकवत तो कागद समोर ठेवलात.

बाकांचा नकाशा होता. जो बोलेल त्याच्या चौकटीत एक रेघ. सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. पण प्रत्येकीत गावाचं नाव मात्र होतं, कारण कोण कुठून येतं हे तुम्हाला पाठ होतं. खिडकीकडची दोन पोरं धडगाव तालुक्यातली, घरी पावरी बोलणारी. पुढच्या मुली शहाद्याकडच्या, गुजर बोलीतल्या. मधली पोरं अहिराणीतली, माझ्यासारखी. तुम्ही एवढंच विचारलंत, "मांडलिक हा शब्द तुम्ही नऊ वेळा वापरला. यातल्या कुणाच्या घरात तो कधी बोलला गेला असेल?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्हालाही ते नको होतं बहुतेक. तुम्ही म्हणालात, बुधवारी संध्याकाळी बसू, हाच तास पुन्हा बांधू.

त्या बुधवारांनी मला शिक्षक केलं. तुम्ही मला पावलो फ्रेअरी हा ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ वाचायला दिलात, इंग्रजीतून, आणि डिक्शनरी घेऊन मी तो महिनाभर रेटला. शिकवणं म्हणजे शिक्षकाने ठेव भरायची आणि विद्यार्थ्याने ती सांभाळून परीक्षेत परत करायची, या रीतीवरची त्याची टीका मला पटली. पण ती माझ्याबद्दल आहे, हे कळायला वेळ लागला. १९६३ मध्ये ब्राझीलच्या अंजिकोस गावात त्याने सुमारे ३०० मजुरांना अवघ्या काही आठवड्यांत लिहिणं-वाचणं शिकवलं. त्याची सुरुवात त्या माणसांच्या रोजच्या शब्दांपासून व्हायची. 'टिजोलो', म्हणजे वीट, हा त्यातला प्रसिद्ध शब्द. वीट कोण भाजतं, भिंत कुणाची उभी राहते, यावर बोलता बोलता अक्षरं यायची. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेअरीला तुरुंगात टाकलं, मग देशाबाहेर राहावं लागलं. माणसं प्रश्न विचारायला लागली की सत्तेला त्याची भीती का वाटते, ते मी तिथे शिकलो.

तुम्ही पुस्तक मिटून विचारलंत, "आपल्या वर्गाची वीट कोणती?"

आपण दोघांनी यादी केली. कापूस. रोजंदारी. सालदार. तो शेवटचा शब्द मी सांगितला. मन्हा बाप सालदार व्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका शेतकऱ्याकडे ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्याचं व्हायचं. एवढी वर्षं शिकलो, एम.ए. झालो, पण माझ्या घरातला हा शब्द इतिहासाच्या वर्गात न्यायचा असतो, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वतःही तो लपवूनच ठेवला होता.

आणि मग 'उचल'. दिवाळीनंतर आपल्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी का होतात, ते तुम्ही जाणून होतात. घरची माणसं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, मुकादमाची उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मग पोरंही पाठोपाठ जातात.

तैनाती फौजेचा तास आपण दोघांनी मिळून पुन्हा घेतला. तुम्ही फळ्यावर फक्त 'उचल' लिहिलंत आणि बाजूला झालात. पंधरा मिनिटं मी गप्प राहायचं, असं ठरलं होतं. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड पंधरा मिनिटं. आधी कुणीच बोलेना. मग धडगावच्या पोराने उचल कशी फिरते, कशी फिटत नाही, ते सांगितलं. त्यानंतर मी ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह मांडला: दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून दिला. मधल्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "म्हणजे सर, पेशव्याने उचलच घेतली."

मी आनंदाने 'शाब्बास' म्हणणार, तोच तुम्ही मागून विचारलंत, "कुठे जुळत नाही, तेही सांग." मॅडम, तुमचं सगळं शिकवणं मला त्या एका प्रश्नात दिसतं. पोरांच्या अनुभवाला वर्गात जागा द्यायची, आणि मग तोही तपासायचा. अनुभव आहे म्हणून तो आपोआप खरा धरायचा नाही. एक मुलगी म्हणाली, उचलीत पैसे आधी मजुराला मिळतात. इथे पेशव्यानेच उलट मुलूख दिला, आणि फौज मात्र कंपनीचीच राहिली. दुसरा म्हणाला, मजूर भुकेपोटी घेतो, बाजीरावाने गादीपोटी घेतली. त्या दिवशी नकाशावर एकोणीस रेघा होत्या.

गॅझेटिअरचा तास तर मी दरवर्षी घेतो. इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातला, १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमधला, भिल्लांवरचा मजकूर तुम्ही मराठीत करून वाटला होतात. त्यात ते लुटारू म्हणून येतात. तुमचे प्रश्न दोनच: हे कुणी लिहिलं, आणि कुणासाठी? मग १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभी केलेली भिल्ल पलटण आली, तिचं ठाणं धरणगाव आलं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा आणि १८५७ मध्ये उठलेला खाज्या नाईक आला, १८५८ ची भिल्लांची इंग्रजांशी झालेली अंबापाणीची लढाई आली. खिडकीजवळचा पोरगा, ज्याचा आवाज मी सत्रभर ऐकला नव्हता, म्हणाला, "आमच्याकडे आजा हे उलटं सांगतो." तुम्ही त्याला म्हणालात, आज्याला विचारून लिहून आण. सुट्टीनंतर त्याने दोन पानं आणली. जंगल कसं बंद झालं, कुणाला कोणत्या वाटेने जायला मनाई झाली. तुम्ही ती पानं १८७८ च्या वनकायद्याशेजारी ठेवलीत आणि वर्गाला दोन्ही साधनं सारख्याच कसोटीला लावायला सांगितलीत. आज्याच्या सांगण्यातही एक पिढी इकडची तिकडे झाली होती. ते त्या पोरानेच शोधून काढलं.

पोर्शनचं काय, असा प्रश्न लोक करतात. मीही केला होता. तुम्ही स्पष्ट सांगितलंत की दोन घटक आपण टिपणांवर संपवू, पोरांना परीक्षाही द्यायची आहे. त्या प्रामाणिकपणाचा मला फार आधार वाटला. सगळेच तास असे होत नाहीत, हे तुम्ही लपवलं नाहीत.

पेपर तपासायलाही तुम्हीच शिकवलंत. तेच वीस पेपर दोघांनी वेगवेगळे तपासले. एका उत्तराला मी १० पैकी ४ दिले होते, तुम्ही ७. मी भाषेचे गुण कापले होते. उत्तरात मुद्दा होता, वाक्यं अहिराणी वळणाची होती. तेव्हापासून मी पोरांना म्हणतो, आधी तुमच्या बोलीत सांगा, प्रमाण मराठीत मग मिळून लिहू. "तुले समजनं का?" असं वर्गात विचारायची मला आता लाज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. तुमचा नियम होता की जसं तुम्ही माझ्या तासाचं निरीक्षण करता, तसं मी तुमच्या तासाचं करायचं आणि किमान एक चूक सांगायची. मी तीनदा 'सगळं छान झालं' म्हणालो आणि तिसऱ्यांदा तुम्ही खरंच रागावलात. चौथ्यांदा धीर करून बोललो, "मॅडम, मागची मुलगी बोलत होती, तिचं वाक्य तुम्हीच पुरं केलंत." तुम्ही वहीत लिहून घेतलंत. दुसऱ्या दिवशी भरवर्गात तिला म्हणालात, "काल मी तुझं वाक्य तोडलं, चुकलं माझं. आता पुरं कर." ती उभी राहिली. आधी रडली, मग बोलली. विभागप्रमुख माणूस आपल्या विद्यार्थिनीसमोर असं बोलतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

१८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि ते प्रशिक्षित असावेत. त्यांचं म्हणणं प्राथमिक शाळांबद्दल होतं. मी सालदाराचा मुलगा कॉलेजात उभा आहे, म्हणजे पहिली गोष्ट माझ्या बाबतीत झाली. दुसरी तुमच्यामुळे झाली.

मंगळवारच्या त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिचाही कागद जवळजवळ कोराच होता. दोन रेघा, दोन्ही पहिल्या बाकावरच्या. तास संपल्यावर आम्ही चहा घेतला, आणि कागद पुढे सरकवताना माझा हात किंचित थरथरला, कारण त्या कागदाने मला काय वाटलं होतं ते मला आठवत होतं. तिने तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "सर, या गावांची नावं तुम्हाला कशी माहीत?" त्यातली सहा मला माहीत नव्हती, मॅडम. सहा चौकटींत मी प्रश्नचिन्हं टाकली होती. आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ती विचारून घेतली.

आता दर बुधवारी संध्याकाळी आम्ही बसतो. पुढच्या गुरुवारी सव्वाअकराला ती आणि मी मिळून गॅझेटिअरचा तास घेणार आहोत. नंदुरबारहून सकाळच्या एसटीने निघालात तर वेळेत पोहोचाल. मागचा बाक रिकामा ठेवतो, कागद-पेन ठेवतो. तास झाल्यावर माझी चूक सांगितल्याशिवाय मात्र तुम्हाला जाऊ देणार नाही.

तुमचा विद्यार्थी