नानकिंगच्या तहावर नगरच्या कलेक्टरची सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला चीनच्या मांचू घराण्याच्या अस्तावरचा लेख आवडीने वाचला. अडखळलो तो इंग्रज-चीन अफूयुद्ध संपवणाऱ्या नानकिंगच्या तहाच्या चित्राखालच्या ओळीपाशी. तिथे ‘ब्रिटिश युद्धनौकेवर’ एवढेच छापले आहे. ही नौका म्हणजे 74 तोफांची ‘कॉर्नवॉलिस’. ती बांधली गेली आपल्या मुंबईच्या गोदीत, सागवानात. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, आणि ती पाण्यात उतरली 1813 मध्ये. 29 ऑगस्ट 1842 रोजी तिच्यावर इंग्रजांतर्फे सही करणारे सर हेन्री पॉटिंजर तर आम्हा नगरकरांच्या चांगल्याच ओळखीचे निघतात. पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये नगरचा कारभार ज्या कॅप्टन पॉटिंजरकडे दिला गेला, तेच हे गृहस्थ. आमच्याकडच्या शेतसाऱ्याची घडी बसवणारा कलेक्टर पुढे चीनच्या बादशहाकडून हाँगकाँग लिहून घेत होता!

नौका मुंबईची, सही करणारा नगरमध्ये कारभार शिकलेला, आणि ज्या मालावरून लढाई पेटली त्यातलाही मोठा वाटा आपल्याच बाजूचा. इंदूर-उज्जैनकडची, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखातली माळव्याची अफू कंपनीला काही केल्या आवरेना. ती दमणमार्गे पोर्तुगिजांच्या हातून बाहेर पडे. शेवटी 1830 च्या सुमारास कंपनीने परवाना-फी घेऊन ती मुंबईतूनच जाऊ द्यायला सुरुवात केली. त्या व्यापारातून मुंबईत किती घरे उभी राहिली! सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाइतकाच अफूचाही हात होता. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आमच्या घरातली माणसेही बरी होऊन आली आहेत, म्हणून हे लिहिताना जरा चाचरतोच. पण आहे ते आहे.

1839 च्या जूनमध्ये चीनमधल्या कँटन बंदराजवळच्या हुमेन इथे लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या. लेखात ‘अफू जाळली’ असे आहे, ते बरोबर नाही. समुद्रकाठी चर खणून त्यांत पाणी सोडले, मीठ आणि चुना टाकला, मजुरांनी ते घुसळले आणि ओहोटीला तो चिखल समुद्रात सोडून दिला. हे काम तीन आठवडे चालले. आधी लिनने समुद्रदेवतेची पूजा करून, पाणी घाण करतो आहे याची क्षमाही मागितली होती. त्या पेट्यांत मुंबईच्या पेढ्यांचा पैसा अडकला होता आणि इथले व्यापारी भरपाईकडे डोळे लावून बसले होते. तहात ती मिळाली. चीनने द्यायच्या 2 कोटी 10 लाख डॉलरपैकी 60 लाख केवळ या अफूपोटी होते.

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे. 1793 मध्ये बादशहाने इंग्रज वकिलाला गुर्मीत परत पाठवले, तिथूनच घसरण सुरू झाली, असा लेखकाचा सूर आहे. गुर्मी होती, शंकाच नाही. पुढे राजमाता त्सिशीने आरमाराचा पैसा उन्हाळी राजवाड्याकडे वळवला, हेही खरे. तायपिंग पंथाच्या बंडात चौदा वर्षे देश होरपळला. पण मी बँकेत तीस वर्षे कर्जखाती पाहिली आहेत, त्यामुळे माझी नजर आधी हप्त्यांवर जाते. 1895 मध्ये जपानकडून हरल्यावर 20 कोटी टेल (टेल म्हणजे चांदी मोजायचे चिनी वजन) चांदी दंड बसला. ती भरायला युरोपच्या बँकांकडून कर्ज काढले आणि जकात तारण ठेवली. त्या जकात खात्याचा प्रमुख 1863 पासून रॉबर्ट हार्ट हा आयरिश माणूस! परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर 1901 मध्ये आणखी 45 कोटी टेल दंड बसला. व्याज 4 टक्के, मुदत 39 वर्षे. व्याजासह आकडा 98 कोटींवर जातो. जकातीबरोबर मिठाचा महसूलही त्यात गुंतला. असे खाते माझ्या टेबलावर आले असते तर मी ते त्याच दिवशी बुडीत धरले असते.

अखेरचा धक्काही कर्जानेच दिला. 1911 मध्ये दरबाराने खासगी रेल्वे कंपन्या ताब्यात घेतल्या आणि रेल्वेमार्ग बांधायला परदेशी बँकांशी कर्जाचा करार केला. सिच्वान प्रांतातल्या भागधारकांचे पैसे अडकले, लोक खवळले. त्यांना आवरायला हूपे प्रांतातून फौजा गेल्या. मागे उरलेल्या वूचांगच्या छावणीत 10 ऑक्टोबरला बंड झाले. चार महिन्यांत, 12 फेब्रुवारी 1912 रोजी, सहा वर्षांच्या बादशहा पूयीच्या नावाने गादी सोडल्याचे फर्मान निघाले. लेखात या रेल्वेचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले.

एक विनंती. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्या चाळलेल्या एखाद्या अभ्यासकाकडून मुंबई-कँटन व्यापारावर लिहून घेता आले तर पाहावे. आणि ती चित्राखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, अहिल्यानगर