चेन बसवणाऱ्यांचे नाव राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला रणगाड्याच्या जन्मावरचा लेख वाचला. लेख रंगला आहे, पण वाचून झाल्यावर हातातला चहा गार झाला तरी मी तसाच बसून होतो. चर्चिल यांचे नाव त्यात सहा वेळा आले आहे (मी मोजले), आणि ते यंत्र ज्यांनी खरोखर चालते केले त्या विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांचे एकदाही नाही. मी एकतीस वर्षे बांधबंदिस्तीच्या आणि पाझर तलावांच्या कामांवरचे चेनवाले (चाकांभोवती फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यावर चालणारे) डोझर दुरुस्त केले. म्हणून हे जरा जास्तच लागले.

चर्चिल यांचे श्रेय कुणी काढून घेत नाही. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते ब्रिटनचे नौदलमंत्री असताना त्यांनी ‘जमिनीवरच्या जहाजां’साठी समिती नेमली, पैसा दिला. लष्करातले जुने लोक नाक मुरडत असताना हे करायला धमक लागते. पण समितीने चेन बसत नाही. ती बसली इंग्लंडातल्या लिंकन गावात, मळणीयंत्रे आणि शेतीची इंजिने बनवणाऱ्या विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यात. ट्रिटन तिथले प्रमुख, विल्सन नौदलाकडून आलेले इंजिनिअर. दोघे गावातल्या व्हाइट हार्ट हॉटेलच्या एका खोलीत बसून नकाशे काढत.

सप्टेंबर १९१५ मध्ये पहिले धूड तयार झाले, पुढे त्याला ‘लिटल विली’ म्हणू लागले. चेन आणली होती शिकागोहून, ट्रॅक्टरची तयार. सपाट जमिनीवर ती चालली. खंदकावर गाडी गेली की मधली चेन खाली लोंबायची, आणि पलीकडे टेकताना जागेवर बसायचीच नाही. हे वाचताना मला आमचा एक पावसाळा आठवला. काळ्या रानात डोझर पोटावर बसला, ऑपरेटरने तसाच वळवायला घेतला आणि आयडलरवरून (चेन ताणून धरणाऱ्या चाकावरून) चेन उतरली. बाभळीच्या फांद्या खाली घालून, पहारी लावून, चेन जोडणारी मास्टर पिन ठोकून काढून ती परत चढवायला आम्हाला दोन दिवस लागले, तेही कुणी गोळ्या झाडत नसताना. समोर मशीनगन असेल तर उतरलेल्या चेनचा अर्थ काय, ते सांगायला नको.

ट्रिटन यांनी आधी बलाटाचा, म्हणजे गिरणीच्या पट्ट्याच्या जातीचा, पट्टा करून पाहिला. तो चाचणीतच तुटला. मग त्यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पट्ट्यांची चेन केली आणि तिला आतून अशी पकड दिली की मधोमध लोंबली तरी ती चौकट सोडणार नाही. २२ सप्टेंबरला लंडनला तार गेली ती बारशाच्या थाटात: बलाटा वारला, ट्रिटन यांच्या घरी नवे बाळ आले, वजनाने हलके पण फार भक्कम, सगळे सुखरूप. माझ्या मते रणगाड्याचा वाढदिवस धरायचा तर हाच. तो लिटल विली आजही इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात उभा आहे.

तोवर लष्कराने आठ फुटी खंदक ओलांडण्याची अट घातली होती, आणि लिटल विलीला ते जमणारे नव्हते. विल्सन यांनी चेन गाडीच्या अख्ख्या अंगावरूनच फिरवली. तिरक्या चौकोनाचा तो ओळखीचा आकार आला तो असा. डोक्यावर तोफेचा बुरूज घातला तर गाडी उंच होऊन कलंडायची, म्हणून तोफा दोन्ही कुशींना लावल्या. फेब्रुवारी १९१६ मध्ये हॅटफील्डच्या बागेत मुद्दाम खणलेल्या खंदकांवरून मंत्र्यांसमोर ती चालवून दाखवली.

आता लेखातले ‘एका दिवसात खंदकयुद्ध संपले’ हे वाक्य. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर ४९ रणगाडे दिमतीला होते, हल्ल्याच्या रेषेपर्यंत पोहोचले तीसेक. बाकीचे वाटेतच बिघडले किंवा रुतले. याचे नवल वाटू नये. २८ टनांचे धूड आणि इंजिन १०५ अश्वशक्तीचे. आत आठ माणसे, त्यातली चार नुसती गाडी हाकायला. जोरात वळायचे तर थांबायचे, डिफरन्शियल (दोन्ही बाजूंना ताकद वाटून देणारे गिअर) लॉक करायचे, मागच्या गिअरमनने एका बाजूची चेन न्यूट्रलला घ्यायची, कमांडरने ब्रेक दाबायचा, मग पुढे. इंजिन माणसांच्या मधोमध उघडेच. आवाजात ओरडून काही ऐकू येत नाही, म्हणून इंजिनच्या पत्र्यावर ठोकून खुणा. पेट्रोल नुसत्या उतारावर कार्बोरेटरला जाणार, त्यामुळे गाडी खड्ड्यात तिरकी झाली की इंजिन उपाशी. एकट्या ड्रायव्हरला हाकता येईल असा मार्क-५ रणगाडा यायला १९१८ उजाडले, आणि त्याचे गिअरही विल्सन यांचेच.

लेखातल्या फोटोचेही तसेच. खाली ‘१९१६, पहिला हल्ला’ छापले आहे, पण टपावर लाकडाची भली मोठी मोळी दिसते. ती मोळी नोव्हेंबर १९१७ च्या कांब्रेच्या लढाईची. जर्मनांनी खंदक रुंद केले होते, म्हणून पावणेदोन टनांची मोळी खंदकात टाकायची आणि तिच्यावरून गाडी न्यायची. मोळ्या बांधल्या चिनी मजुरांनी. शिवाय पहिल्या रणगाड्यांना वळायला मागे दोन चाके असायची, ती या फोटोत नाहीत.

‘टँक’ नावाची गोष्ट लेखात बरोबर आहे. गुप्तता राहावी म्हणून कारखान्यात सांगत, मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) पाणी न्यायच्या टाक्या आहेत. एवढेच जोडतो की इंग्रजीतला हा शब्द मुळात गुजराती-मराठीतून, आपल्या गडांवरच्या ‘टाक्या’च्या कुळातून गेला, असे काही इंग्रजी कोशकार मानतात.

युद्धानंतर १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या आयोगाने रणगाड्याच्या शोधाचे दावे तपासले. सर्वात मोठे इनाम, १५,००० पौंड, ट्रिटन आणि विल्सन या दोघांना मिळून दिले. ही दोन नावे आणि फोटोखालची दुरुस्त ओळ पुढच्या रविवारी चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त मेकॅनिक
अहिल्यानगर