मुक्तिसंग्रामाच्या पुरवणीत कोर्टालाही जागा द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची, १७ सप्टेंबरची तुमची पुरवणी दरवर्षी वाचतो, यंदाही वाचली. स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, पोलीस ॲक्शन सगळं आलं, पण गोष्ट दरवेळी झेंडावंदनापाशी येऊन थांबते. त्यानंतर चार-पाच वर्षांत कोर्टात जे झालं त्याचं कुणी नावच काढत नाही. खरं सांगू का, नवी राज्यघटना वाचायची कशी हे ज्या निकालांनी ठरलं त्यातले काही आपल्याच हैदराबाद संस्थानातनं गेलेत.

कासिम रझवीचंच घ्या. लातूरला वकिली करायचा, पुढं निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा म्होरक्या झाला, त्यानं काय केलं ते मराठवाड्यात सांगायची गरज नाही. बीबीनगरच्या दरोड्याच्या केसमधे लष्करी गव्हर्नरच्या हुकमानं त्याला स्पेशल ट्रिब्युनलपुढं उभं केलं, जिथं नेहमीच्या सेशन खटल्यातल्या काही पायऱ्या सरळ गाळलेल्या होत्या. हुकूम निघाला तेव्हा घटना लागूच नव्हती, खटला चालू असताना २६ जानेवारी १९५० आला आणि शिक्षा लागली ती त्यानंतर. मग हा गडी गेला सुप्रीम कोर्टात, म्हणे कलम १४ प्रमाणे सगळे सारखे तर मलाच वेगळं ट्रिब्युनल कशाला? रझवीनं समानतेचा हक्क मागावा, काय म्हणावं आता!

पण कोर्टानं हाकलून दिलं नाही, नीट ऐकून घेतलं. १९५३ च्या निकालात सांगितलं की घटना मागच्या तारखेनं लागू होत नाही, आधी झालं ते झालं, पण २६ जानेवारीनंतर भेदभावाची पद्धत चालणार नाही, त्यामुळं त्या तारखेनंतर आरोपीला इतरांसारखा खटला मिळाला का तेवढं बघायचं. तिघा न्यायमूर्तींना वाटलं बऱ्यापैकी मिळाला, म्हणून शिक्षा कायम. बोस आणि गुलाम हसन या दोघांनी विरोधात मत दिलं. रझवीसारख्याच्या केसमधे पाचातले दोघं असं म्हणू शकले, आमच्या घरात हे सांगितलं तर अजून भांडण होतं, पण मला तरी हे लई मोठं वाटतं.

आणि हीच तारीख तेलंगणातल्या जनार्दन रेड्डी वगैरे कम्युनिस्टांच्या आड आली. फाशीची शिक्षा, हैदराबाद हायकोर्टाचा निकाल डिसेंबर १९४९ चा. सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्यावेळी हे हायकोर्ट भारताच्या हद्दीतलं कोर्टच नव्हतं, तेव्हा आम्हाला अपील ऐकता येत नाही. दीड महिन्याचा फरक आणि दार बंद! फाशी नंतर जन्मठेपेवर आली ते वेगळं, पण हा निकाल मला अजून पटत नाही.

जहागिरींचं थोडक्यात सांगतो. मार्च १९५१ मधे पाटणा हायकोर्टानं बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द केला, तसं केंद्रानं घाईनं जूनमधे पहिली घटनादुरुस्ती केली आणि नववं परिशिष्ट आणलं, म्हणजे त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या नावाखाली कोर्टात पाडता येऊ नये. सुरवातीला त्यात १३ कायदे होते, त्यातला १२ वा आणि १३ वा आपला, हैदराबादच्या जहागिरी मोडणारा, साल १३५८ फसली (निजामी राज्यातली सालं मोजायची पद्धत) आणि त्यानंतरचा १३५९ चा. ऑक्टोबरमधे शंकरीप्रसाद केसमधे सुप्रीम कोर्टानं ही दुरुस्ती मान्य केली, आणि संसदेला घटना किती बदलता येते हा वाद तिथनं सुरू होऊन १९७३ ला केशवानंद भारती केसपर्यंत गेला (घटनेचा मूळ गाभा संसदेला बदलता येत नाही, हा तो निकाल).

आमच्याकडं लातूरला स्पर्धा परीक्षेची पोरं केशवानंद झोपेतही सांगतील, पण रझवीची केस विचारली की तोंडाकडं बघतात. त्यांचा तरी काय दोष, मराठीत कुणी सोपं करून लिहिलेलं हाताशी पाहिजे ना. तेव्हा पुढच्या पुरवणीत हायकोर्टाच्या खंडपीठातल्या एखाद्या जाणत्या वकिलाकडनं यावर पानभर लिहून घ्या. जागा नाही म्हणू नका, पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती यंदा पाच पानं होत्या.

आपला,
एक वाचक, लातूर