मेंदूदानाबद्दलही लिहा

महोदय,

रक्ततपासणी आणि पेट स्कॅनवरून अल्झायमरचे निदान कसे होते, यावरचा आपला लेख वाचला. लेख चांगलाच आहे. पण या तपासण्या खऱ्या कशावरून, हे त्यात आले नाही. दान मिळालेल्या मेंदूंचे काप रंगवून त्यांच्याशी ताडल्यावरच अशा स्कॅनवर भरवसा बसला. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड (बीटा-अमायलॉइड) या प्रथिनाच्या स्कॅनसाठी सुरुवातीच्या काळात वापरलेले 'पिट्सबर्ग कंपाउंड' तर थायोफ्लेविन टी या काप रंगवण्याच्या द्रव्यातूनच घडवलेले आहे.

मी प्रयोगशाळेत हेच काप रंगवते. फॉर्मलिनमध्ये मुरलेला मेंदूचा तुकडा पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमवर पाचेक मायक्रॉनचे काप घ्यायचे, कोमट पाण्यावर पसरवून काचपट्टीवर उचलायचे. बीटा-अमायलॉइड पाहायचे असेल तर काप आधी फॉर्मिक आम्लात ठेवावा लागतो. ते चुकले तर हे प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंड त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि साठ्यांनी भरलेला भागही जवळजवळ कोरा दिसू शकतो. नीट जमले की पेशींच्या निळसर केंद्रकांमधल्या जागेत तपकिरी ठिपके उमटतात. टाऊ या दुसऱ्या प्रथिनासाठी रंगवलेल्या पट्टीवर पेशींच्या आतले गुंते. प्रथिनाला चिकटणारे हे मूळ प्रतिपिंड न घातलेली एक पट्टी नेहमी सोबत असते. तिच्यावरही तसाच तपकिरी रंग चढला, तर त्या खेपेवर विसंबायचे नाही.

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्यांच्या रुग्ण ऑगस्टे डेटर यांच्या मेंदूत हे गुंते दाखवले ते चांदीच्या क्षाराने रंगवून. पुढे १९९१ मध्ये हायको आणि एव्हा ब्राक या संशोधकांनी गुंते मेंदूत कसकसे पसरतात याच्या पायऱ्या मांडल्या. त्यासाठी स्मृतिभ्रंश नसलेल्यांचे मेंदूही त्यांनी तपासले होते, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मेंदूत अमायलॉइड भरपूर, तरी शेवटपर्यंत स्मरण शाबूत, अशी माणसे असतात. त्यांना कशाने तारले, हे त्यांच्या मेंदूंचा अभ्यास केल्याशिवाय कसे कळणार?

म्हणून निरोगी माणसांनीही मेंदूदानाची नोंदणी करायला हवी. मेंदू काढल्याने चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधीही नेहमीसारखे करता येतात. मात्र मृत्यूनंतर वेळ फार थोडा असतो आणि दान केलेले मेंदू जपणाऱ्या मेंदूपेढीला कळवायचे असते घरच्यांनीच. त्यांना आधी सांगून ठेवले नसेल तर नोंदणी कागदावरच राहते. यापुढे अल्झायमरवर लिहाल, तेव्हा ही माहितीही सोबत छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ