भाडं बसून खाता येतं? आमचा हिशोब बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'फ्लॅट घ्या, म्हातारपणी भाडं खा' असा लेख आला होता म्हणून लिहितेय. मी झेडपीच्या शाळेतनं रिटायर झाले, फंडाचे पैसे आले आणि आमच्या ह्यांनी २०१९ ला जुळे सोलापुरात वन बीएचके घेतला, सगळा खर्च धरून २४ लाख. आज भाडं साडेसात हजार, म्हणजे वर्षाचे नव्वद. त्यातनं सोसायटीचे ९,६००, महापालिकेचा टॅक्स सहा हजाराच्या आसपास, वर्षाकाठी एखादा महिना घर रिकामंच राहतं ते साडेसात, प्लंबर-बिंबर वेगळा, हातात ६५ हजार राहतात बघा. तीन टक्केसुद्धा नाही हो! एफडीत ठेवले असते तर ७ टक्क्यांनी १,६८,००० आले असते. किंमत वाढलीय म्हणतात, पण ती विकल्याशिवाय कुठं दिसते. इन्कम टॅक्समध्ये महापालिकेला भरलेला टॅक्स वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सूट मिळते, तेवढाच काय तो आधार.

आणि आपल्या गावातलं पाणी! चार-पाच दिवसाआड नळ येणाऱ्या शहरात भाडेकरू बेडरूम बघत नाही, आधी जिना चढून गच्चीवरची टाकी बघतो. एकानं तर झाकण उघडून आत मोबाईलची बॅटरी मारली आणि 'मावशी, हजार लिटरच हाय की' म्हणून निघून गेला. मग शेजाऱ्यांची परवानगी काढून दुसरी टाकी बसवली, तो खर्च वरच्या हिशोबात धरलेलाच नाही.

पण खरा फटका बसला तो करारात. एजंट म्हणाला शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करू, अकरा महिन्याला रजिस्टर लागत नाही. आम्ही ऐकलं. पुढं भाडेकरूनं चार महिने भाडं थकवलं, वर म्हणे तुम्हीच तोंडी माफ केलं होतं. वकिलाकडं गेलो तेव्हा कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, अकरा महिन्याचा असला तरी, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, खोटं असेल तर आपण सिद्ध करायचं, शिवाय मालकाला तीन महिन्यापर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड. मी उभी राहिलेली तिथंच बसले! शेवटी डिपॉझिट वळतं करून त्याला हातापाया पडून घालवलं, लाईट बिल आमच्या नावावर असल्यामुळं थकलेलं आम्हीच भरलं.

रजिस्टर करायला लागतं किती? शहरात नोंदणी फी १,०००, आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर पाव टक्का (डिपॉझिटवरचं व्याज त्यात धरतात), म्हणजे आमच्यासारख्याला दोनशे-सव्वादोनशे, वर किरकोळ. घरबसल्या ऑनलाईनपण होतं. आणि रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असेल तर मुदत संपून न हलणाऱ्याकडनं त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं.

तर पुढच्या पुरवणीत बिल्डरच्या जाहिरातीशेजारी एवढं चार ओळीत छापा, एजंट लोक सांगत नाहीत. आमचा नवीन भाडेकरू एमआयडीसीत आहे, करार रजिस्टर केलाय, कालच त्याचा फोन आला होता, पाणी किती वाजता सुटतं म्हणून.

एक वाचक, जुळे सोलापूर